सोमवारी यायचं का?

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. फॉर्म्युला वनची सिंगापूरची रेस आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला लागते. रविवारी माझं टायरचं दुकान दुपारपर्यंतच असतं, पण त्या दिवशी एक बोलेरो उशिरा आली आणि मी ग्वाल्हेरच्या झाशी रोडवरच अडकलो. बॅलन्सिंगच्या वेटच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि तशीच रेस बघायला लागलो. खरं तर बघण्यासारखं फार नव्हतंच. मॅकलॅरेन टीमचा नॉरिस वीस सेकंद पुढे. सिंगापूरला सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आली नाही असं तोवर एकदाही झालं नव्हतं, नेमकं त्याच दिवशी तेही झालं.

आणि शेवटच्या तीन-चार लॅप उरलेल्या असताना डॅनियल रिकार्डो टायर बदलायला पिटमध्ये. शेवटच्या नंबरावरची गाडी, हातून काही सुटायचं नाही की काही मिळायचं नाही, आणि हे त्याला कोरे सॉफ्ट टायर घालतात! मी टायरवाला माणूस. कोरा सॉफ्ट टायर कशासाठी घालतात ते मला सांगावं लागत नाही. एक लॅप चिरडून मारायला. मारली त्याने. एक मिनिट ३४.४८६ सेकंद, रेसमधली सगळ्यात वेगवान. स्वतः आला अठरावा.

तेव्हा सगळ्यात वेगवान लॅपला एक गुण असायचा, पण पहिल्या दहात आलात तरच. म्हणजे रिकार्डोला शून्य. मात्र तो गुण नॉरिसच्या खिशातून गेला, आणि नॉरिसशी अजिंक्यपदासाठी झुंजत होता मॅक्स व्हर्स्टॅपेन, रेड बुल टीमचा. रिकार्डोची टीम कोणाची? तर त्याच मालकांची. मॅक्सने रेडिओवर डॅनियलला धन्यवाद दिले. (शेवटी मॅक्स ६३ गुणांनी जिंकला, त्या एका गुणाचं लोणचंसुद्धा घालता आलं नाही.)

रेस संपल्यावर रिकार्डो किती तरी वेळ गाडीतच बसून राहिला. हेल्मेटही काढेना. त्याच्या जागी लॉसन हा दुसरा ड्रायव्हर येणार ही कुजबुज आठवडाभर चालली होती. मुलाखतीत विचारत होते, डोळे भरलेले होते, आणि तरी बिचाऱ्याला "ही माझी शेवटची रेस" असं सरळ म्हणता येत नव्हतं, कारण टीमने अजून काही जाहीरच केलं नव्हतं. जाहीर झालं गुरुवारी, २६ तारखेला. तोवर तो सिंगापूरहून निघूनही गेला असणार.

या माणसाला मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिला तो शिव्या घालत. ३० ऑक्टोबर २०११, ग्रेटर नोएडा. मी आणि माझा चुलतभाऊ ग्वाल्हेरहून पहाटे तीनला निघालो. यमुना एक्स्प्रेसवे तेव्हा सुरू झाला नव्हता, आग्रा-मथुरा करत जुन्या रस्त्याने, ट्रकांच्या मागून. गेलो होतो आपल्या भारतीय ड्रायव्हरसाठी, नारायण कार्तिकेयनसाठी. जुलैत त्याच्या एचआरटी टीमने नारायणला उठवून सिल्व्हरस्टोनपासून त्याच्या गाडीत हा बावीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन पोरगा बसवला होता. भारतातली रेस म्हणून नारायणला गाडी परत दिली, त्यासाठी टीमचा दुसरा ड्रायव्हर लिउझीला बाहेर बसवलं. म्हणजे कोणीतरी उठल्याशिवाय कोणी बसत नाही, हे तिथेही होतंच. त्या दिवशी नारायण सतरावा आला आणि रिकार्डो अठरावा. जिंकला वेटेल, पण आम्ही सतराव्या नंबरासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो. भाऊ म्हणाला, "दादा, घेतला बघ सूड!"

नंतर तो पोरगा मला आवडायला लागला, त्याला काय करणार. २०१८च्या मोनाकोत इंजिनाची जवळपास १६० अश्वशक्ती गेलेली असताना त्याने वेटेलला शेवटपर्यंत मागे ठेवलं. लंगडी गाडी ओळखणाऱ्याला त्याची किंमत कळते. पुढे मॅकलॅरेनला मॉन्झाची रेस जिंकून दिली, आणि त्याच मॅकलॅरेनने करार वर्षभर आधीच संपवला. असो.

त्या गुरुवारी रात्री मी आमच्या सौ.ना तावातावाने सांगत होतो, की काढायचं तर काढा, पण माणसाला आधी सांगा, एक दिवस नीट निरोपाचा द्या. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "उस्तादांना सांगितलं होतं का तुम्ही?"

उस्ताद म्हणजे दुकानातले जुने कारागीर, आमच्याकडे एकोणीस वर्षं होते. माझ्या वडिलांना ते 'बाबासाहेब' म्हणत आणि मला, माझे केस पांढरे झाले तरी, 'भैया'. चाकं सरळ रेषेत आणायचं काम, अलाइनमेंट, सुतळीने करायचे. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणायची, एक डोळा मिटायचा, टाय रॉड पाव फेरा फिरवायचा. २०१९मध्ये मी कर्ज काढून कॉम्प्युटरवालं मशीन घेतलं. ते चालवायला आयटीआय केलेला मुलगा पाहिला, पगार ठरवला, सोमवारी ये म्हणून सांगितलं. हे सगळं उस्ताद पुढच्या शटरमध्ये काम करत असताना, मागच्या खोलीत. त्यांना ऐकू आलं नसेल असं मी तेव्हा मनाशी धरून चाललो.

शनिवारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या सरदार घराण्याची फियाट आली. साहेब दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी ती उस्तादांकडे दिली. दुपारभर ते त्या एकाच गाडीशी होते. एरवी अर्ध्या तासाचं काम. सुतळी तीनदा ताणली, हवा स्वतः मारली, स्टेपनीचे नटसुद्धा पाहिले. मी मनात म्हटलं, चला, त्यांच्या आवडीचं काम मिळालं त्यांना. पण खरं सांगायचं तर ती फियाट मशीनवर चढवायची माझीही हिंमत नव्हती, आणि साहेब पैसे रोख देतात.

म्हणून त्या सॉफ्ट टायरबद्दल मला ठामपणे काही म्हणता येत नाही. त्याला शेवटची मजा करू दिली, की त्याच्याकडून शेवटचं काम करून घेतलं? मी दिलेल्या फियाटचंही मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी हात धुऊन उस्ताद काउंटरपाशी आले. "भैया, सोमवार को आना है कि नहीं?"

मी म्हटलं, "फोन करता हूँ."

सुतळीचा गुंडा खिळ्याला अडकवून ते गेले. मी फोन केला नाही. महिनाअखेरीस हिशेबाचे पैसे पोराच्या हाती पाठवले.

तो आयटीआयवाला मुलगा दोन वर्षांत गोला का मंदिरकडे मोठ्या दुकानात गेला. चार दिवस आधी सांगून गेला, व्यवस्थित. आणि लॉसन? २०२५ला त्याला बढती देऊन थेट रेड बुलमध्ये बसवलं आणि दोन रेसनंतर खाली उतरवलं.

फियाटवाले साहेब अजून येतात. गाडी रस्त्यावरच उभी ठेवतात, काच खाली करून विचारतात, "उस्ताद आहेत का?"

"गावाला गेलेत," मी म्हणतो.

मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "कधी येणार?"


"बघतो, फोन करतो," म्हटलं.