परत कॉमिक्स

बऱ्याच वर्षांनी आज परत कॉमिक्स विकत घेतली. वाचायचा कंटाळा आला म्हणून हा नाद सोडला नव्हता, जमवायचा आला म्हणून. एकाच अंकाची चार-चार मुखपृष्ठं, आणि सगळी हवीतच! १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक घ्या. पाच मुखपृष्ठं, ८० लाखांच्या आसपास प्रती. पुढे भाव येईल म्हणून लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन ठेवले. घरोघरी पडून असलेल्या अंकाला भाव कुठून येणार? १९३८ मध्ये ज्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा आला तो आज इतका महाग आहे, कारण तेव्हा पोरांनी तो वाचून वाचून फाडला आणि रद्दीत घातला.

नवीन अंक ठेवायला जागा करावी म्हणून जुनी खोकी उघडली. अंक ज्यांत ठेवले होते त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पिवळ्या पडल्यात. जुन्या अंकांचा कागद वर्तमानपत्राचाच, त्यातलं आम्लच त्याला हळूहळू खातं. म्हणून पिशवीत अंकाच्या मागे आधाराला ठेवायचा पुठ्ठाही आम्लमुक्त लागतो. ते बदलायला बसलो आणि वाचतच राहिलो, अगदी जाहिराती आणि वाचकांची पत्रंसुद्धा. (पत्रांतली भांडणं कधीकधी कथेपेक्षा भारी असतात, खरंच.)

आता वाचायचं असेल तेच घेणार. ग्रेडिंग करून, म्हणजे अंक किती चांगल्या अवस्थेत आहे ते तपासून त्याला गुण देऊन, सीलबंद केलेले अंक नकोत. जे उघडताच येत नाही ते घेऊन करू काय?

एका मालिकेतला मधलाच अंक मात्र गायब आहे, तोही कथा ऐन रंगात आलेली असताना. कोणाकडे जादा प्रत असेल तर कळवा. फाटकी चालेल, फक्त शेवटचं पान हवं.