सुक्या सोड्यांचं पाकीट आणि न मिळणारं बिल : माझा अनुभव

धुळ्यात बसून सुका जवळा (अगदी बारीक कोळंबी) आणि सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) पाकिटात भरून विकायचे म्हटलं की जो तो अन्न परवान्याचं विचारतो. परवान्यात विशेष काही नाही. फॉस्कॉस या अन्न परवान्याच्या सरकारी पोर्टलवर अर्ज, फोटो, जागेचा पुरावा, पाण्याचा तपासणी अहवाल, पॅकिंगच्या खोलीचा नकाशा, फी. उलाढाल लहान असेल तर नोंदणी, मोठी असेल तर राज्य परवाना. स्वतः मासळी वाळवत नसाल तर व्यवसायाचा प्रकार निवडताना ‘रिपॅकर’ निवडा, मासळी प्रक्रिया नको. पाकिटावरही मग ‘पॅक्ड बाय’ असंच यायला हवं. पदार्थाचा गट ९.२.५, म्हणजे वाळवलेली-खारवलेली मासळी. कोळंबी, जवळा त्यातच येतात. शंका काढून अर्ज परत आला तर ३० दिवसांच्या आत उत्तर टाका, नाहीतर तो फेटाळला जातो आणि फी बुडते.

घोडं अडतं ते पुढे, माल खरेदीच्या बिलापाशी.

सुक्या मासळीचा बाजार चिठ्ठीवर चालतो. ‘सुकट १२ गोणी’, खाली रक्कम, कोपऱ्यात गाळेवाल्या ठोक व्यापाऱ्याची सही. नाव नाही, पत्ता नाही, वजन नाही. साक्रीच्या किंवा पिंपळनेरच्या आठवडे बाजारात माल सुटा विकणाऱ्याचं तेवढ्यावर भागतं. पाकीट विकणाऱ्याचं भागत नाही, कारण पाकिटावर बॅच नंबर छापावा लागतो आणि तो नंबर मागे कुठेतरी पोचला पाहिजे. माझ्या पाकिटापासून गोणीपर्यंतचा रस्ता माझ्या हातात आहे. गोणीपासून मागचा रस्ता त्या चिठ्ठीवर संपतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण गाळ्यावर हुज्जत घालताना हे पाठ असलेलं बरं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६, कलम २६(४): विक्रेत्याला माल देणाऱ्या प्रत्येकाने मालाच्या स्वरूपाची आणि दर्जाची लेखी हमी द्यायची. या हमीचा नमुना म्हणजे फॉर्म ई. आणि कलम २७(३): ज्या मालाचा उत्पादक किंवा वितरक ओळखता येत नाही, त्या मालाची जबाबदारी विकणाऱ्यावर. म्हणजे सोड्यांत काही निघालं आणि मागचं बिल नसेल, तर गाळेवाला सुटला, मी अडकले. कलम ८० मध्ये योग्य ती काळजी घेतल्याचा बचाव आहे, पण तोही कागद असेल तरच उभा राहतो.

फॉर्म ई हे नाव ऐकलं की व्यापारी बिचकतात. ‘सीएला विचारावं लागेल’, ‘आमच्याकडे असला फॉर्म नाही’, ‘ताई, आजवर कोणी मागितला नाही’. मागितला नाही हे खरंही असेल. पण फॉर्ममध्ये असतं काय? बिल नंबर, ठिकाण, कोणाकडून, कोणाला, विक्रीची तारीख, मालाचं स्वरूप आणि दर्जा, बॅच किंवा कोड, नग, किंमत. खाली एक वाक्य: या बिलातला माल जसा सांगितला आहे त्याच स्वरूपाचा आणि दर्जाचा आहे अशी हमी देतो. मग सही, पत्ता, परवाना क्रमांक. अर्ध्या पानाचं काम. बिलावरच छापलं तरी चालतं, वेगळा कागदही लागत नाही.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की २६(४) च्याच परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या ‘परंतु’च्या ओळीत, लिहिलंय: विक्रीचं बिल, कॅश मेमो किंवा इन्व्हॉइस हीच हमी समजली जाईल, फॉर्म ई जोडला नसला तरी. म्हणजे फॉर्म ई दिला नाही तरी हरकत नाही, फक्त नीट बिल द्या. पण नीट बिलच तर ते देत नाहीत! देतात तेव्हा कधी दुसऱ्याच फर्मच्या नावाचं देतात, कधी ‘सी फूड १ लॉट’ लिहितात, कधी अन्न परवान्याच्या १४ आकडी नंबराच्या जागी जीएसटी नंबर घालून मोकळे होतात. १ जानेवारी २०२२ पासून अन्नपदार्थाच्या बिलावर परवाना किंवा नोंदणीचा १४ आकडी नंबर छापणं बंधनकारक आहे. परवान्याचा नंबर १ ने सुरू होतो, नोंदणीचा २ ने. तो फॉस्कॉसवर टाकून बघा. नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते समोर येतं. मुदत संपलेला नंबर मिरवणारी बिलंही बाजारात फिरतात, तेव्हा हे दर खरेदीला करा. पहिल्या वेळी एकदा बघून भागत नाही.

यावर गाळेवाल्याचं ठरलेलं उत्तर: ‘मला तरी कोळी कुठे बिल देतो?’ त्यात अर्धं तथ्य आहे. कलम १८(३) प्रमाणे हा कायदा शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला त्याच्या स्वतःच्या कामापुरता लागूच होत नाही. जाळं टाकणाऱ्याकडे १४ आकडी नंबर नसणार आणि तो मागूही नये. पण ती सूट मच्छीमाराची आहे, त्याच्याकडून शंभर गोण्या उचलून पुढे विकणाऱ्याची नाही. साखळीचा पहिला नंबरवाला माणूस म्हणजे हा व्यापारी, आणि नेमका तोच चिठ्ठी देतो.

यातून वाट काढता येते, ती अशी. फॉर्म ई चा मजकूर स्वतः टाइप करा, त्याचा रबरी शिक्का बनवा आणि व्यापाऱ्याला नेऊन द्या. त्याने बिलाच्या मागे मारायचा आणि सही करायची. फॉर्म ‘भरायला’ घाबरणारा माणूस शिक्का मारायला घाबरत नाही. दुसरं, बिल हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. बयाणा द्या, बाकी बिलावर. एरवी ‘पुढच्या गाडीबरोबर पाठवतो’ ही गाडी कधी येत नाही. तिसरं, किनाऱ्यावर मच्छीमार सहकारी संस्थेकडून माल मिळत असेल तर दर थोडा चढा पडला तरी तिथूनच घ्या. संस्थेच्या पावतीवर नाव-पत्ता-तारीख छापलेली असते, आणि माल कोणत्या बंदरावरचा आहे हे तिथे सांगता येतं. गाळ्यावर पालघरकडच्या सातपाटीचा आणि गुजरातेतल्या जाफराबादचा माल एकाच ढिगात असतो.

बिलावर एवढं तरी लिहून घ्याच: मालाचं नेमकं नाव (जवळा वेगळा, सोडे वेगळे, आख्खी सुकी कोळंबी वेगळी), गोण्यांची संख्या, दर गोणीचं वजन, गोणीवरची खूण. वाळवणीचा महिना आणि बंदर लिहिण्याची सक्ती नाही, पण विचारून पेनाने लिहून ठेवा. ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल गाडीत चढवल्याची पावती) बिलाला टाचा. गुजरातकडचा ट्रक नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी घाट, साक्री असा येतो आणि वाटेत दुसऱ्यांच्या गोण्याही चढतात-उतरतात. उतरवतानाच मोजा, खूण बघा, मार्करने आपला नंबर टाका. गोदामात गेल्यावर सगळ्या गोण्या सारख्याच दिसतात.

एवढा त्रास का घ्यायचा, असं वाटेल. शिंपल्यांच्या धंद्याकडे बघा. कालवं, तिसऱ्या पाणी गाळून खातात, त्यामुळे खाडीत जे असेल ते त्यांच्या अंगात जमतं. अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात कालवांतून विषमज्वर पसरला, आणि त्यानंतर १९२५ मध्ये तिथला शिंपला-स्वच्छतेचा कार्यक्रम उभा राहिला. आज तिथे प्रत्येक पिशवीला पाण्यात न विरघळणारा टॅग असतो: कोणी काढली, कुठून काढली, कधी काढली. पिशवी रिकामी होईपर्यंत टॅग तिलाच राहतो, आणि नंतर ९० दिवस जपून ठेवावा लागतो. युरोपात विक्रेत्याने ६० दिवस ठेवायचा. माल खाल्ल्यावर इतके दिवस कशाला? कारण हेपॅटायटिस ए ची लक्षणं दिसायला कधी सात आठवडेही लागतात. आपला वाळवलेला जवळा म्हणजे जिवंत कालव नाही, धोका तेवढा नाही. पण ‘डबा रिकामा होईपर्यंत चिठ्ठी डब्यालाच’ हा नियम मी जसाच्या तसा उचललाय. गोणीची चिठ्ठी गोणीतून डब्यात, डब्यातून फाइलमध्ये. आपल्याकडे नोंदी एक वर्ष किंवा मालाची मुदत, यातलं जे जास्त असेल तितका काळ ठेवायच्या असतात.

बॅच नंबर असा पाडा की तो वाचूनच गोणी सापडेल: व्यापाऱ्याचं अक्षर, माल आल्याची तारीख, गोणीचा क्रमांक. ‘स-१४११-०३’ म्हणजे स अक्षराचा व्यापारी, १४ नोव्हेंबर, तिसरी गोणी. दोन व्यापाऱ्यांचा माल एका बॅचमध्ये कधीही मिसळू नका, उरलासुरला पाव किलो असला तरी. विकलेला माल परत बोलवायची वेळ आली तर एक गोणी परत बोलवायची की अख्ख्या महिन्याचा माल, हे इथेच ठरतं.

नोंदवहीत चार आकडे जुळले पाहिजेत. गोणी २५ किलो, चाळून निघालेली वाळू, खेकड्याचे तुकडे आणि बारीक मासळी दीड किलो, २०० ग्रॅमची ११५ पाकिटं म्हणजे २३ किलो, उरलेला अर्धा किलो सुटा. जवळा बऱ्याच ठिकाणी जमिनीवर वाळतो, वाळू निघणारच. ती निघाली नाही असं वहीत दिसलं तर तपासणाऱ्याला शंका येते, आणि यायलाच हवी.

लेबलचं आता पटकन. नुसतं मराठी लेबल चालत नाही. मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा, मराठी त्याच्या जोडीला घाला. मांसाहाराची खूण २०२० च्या लेबलिंग नियमांपासून तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण अशी आहे. छपाईवाल्यांकडे जुन्या गोल ठिपक्याचं डिझाइन पडलेलं असतं आणि ते तेच ठोकून देतात, तेव्हा प्रूफ बघा. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ हवंच, एकटं ‘बेस्ट बिफोर’ पुरत नाही. चुकीच्या लेबलला कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड आहे.

अॅलर्जीची सूचना: ‘कंटेन्स क्रस्टेशियन’, म्हणजे यात कोळंबी-खेकड्याच्या वर्गातलं काही आहे. दुसरी गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. ताजी कोळंबी काळी पडू नये म्हणून ती सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवतात. त्यातलं सल्फाइट वाळल्यावरही राहू शकतं, आणि ते किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर तेही अॅलर्जीच्या ओळीत लिहावं लागतं. सोडे जास्तच गोरे-गुलाबी आणि एकसारखे दिसत असतील तर प्रयोगशाळेत सल्फाइटची चाचणी सांगा. जवळ्याला सहसा गरज पडत नाही.

वैधमापनशास्त्राची, म्हणजे वजन-मापांच्या खात्याची, पॅकर नोंदणी वेगळी असते, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत. अन्न परवाना आहे म्हणून ही टळत नाही. एमआरपीबरोबर एककाची किंमतही छापायची. किलोपेक्षा कमी पाकिटाला ती ग्रॅमची: १६० रुपयांच्या २०० ग्रॅमला ‘०.८० रु. प्रति ग्रॅम’. काट्याची पडताळणी वेळेवर करून घ्या, आणि पाकीट काठोकाठ २०० वर भरू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माल अजून सुकतो आणि वजन उतरतं.

जीएसटीचं राहिलं. ‘ब्रँड नाही म्हणून कर नाही’ हा सल्ला जुना झाला. १८ जुलै २०२२ पासून बघतात ते माल आधीच पाकीटबंद आणि लेबल लावलेला आहे का, आणि तसल्या सुक्या कोळंबीला ५ टक्के लागतो.

पाकिटाची जाडी कमी घेऊ नका. आख्ख्या सुक्या कोळंबीच्या डोक्याचा काटा पातळ पिशवीला टोचतो, बारीक भोकं पडतात आणि पावसाळ्यात त्यातून दमट हवा शिरून बुरशी धरते. सोलून वाळवलेल्या सोड्यांना हा प्रश्न नाही. आणि बॅच-तारखेची चिकटपट्टी साध्या थर्मल कागदावर छापू नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे माल घेऊन जाणाऱ्या बंद गाडीत ती काळी पडते, तेलकट हात लागले की अक्षरं उडतात, आणि मग एवढ्या भांडणाने मिळवलेल्या बिलाला जोडणारा नंबरच वाचता येत नाही. रिबनवाला प्रिंटर घ्या. महाग आहे, पण अक्षर टिकतं.