सर्बिनचं चर्च, जिथं पुरुष माडीवर बसायचे

सासूबाई आल्या की त्यांना टेक्सासमध्ये दाखवायचं काय हा प्रश्न असतोच. सॅन अँटोनिओ झालं, फ्रेडरिक्सबर्गला गर्दी आणि पार्किंगची शोधाशोध झाली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते सर्बिनबद्दल.

ऑस्टिनहून २९० नंबरच्या हायवेने ह्यूस्टनकडे निघालं की गिडिंग्ज लागतं, तिथून दक्षिणेला थोडं आत वळायचं. गाव म्हणावं असं काही नाहीच. कुरणं, गायी आणि मधेच पांढरंशुभ्र सेंट पॉल लुथरन चर्च. बाहेरून बघून नवरा म्हणाला, एवढ्यासाठी आलो? आत गेल्यावर गप्प झाला. निळं छत, बारीक नक्षी, आणि खांब संगमरवरी वाटतात पण ते नुसतं रंगकाम आहे, टर्कीच्या पिसांनी केलेलं म्हणे. सगळं १८७१ च्या इमारतीत.

आई, म्हणजे सासूबाई, बाकावर टेकल्या आणि वर बघत म्हणाल्या, "अगं, हा पाद्री एवढ्या उंचावरून बोलायचा तरी कोणाशी?"

कारण प्रवचनाची जागा, पल्पिट, जमिनीपासून जवळजवळ वीस फुटांवर, थेट माडीच्या उंचीला! शेजारच्या म्युझियममधल्या बाईंनी सांगितलं की पूर्वी पुरुष माडीवर बसायचे आणि बायका-पोरं खाली. म्हणजे पाद्री पुरुषांच्या समोरासमोर आणि बायकांनी मांडीवरचं पोर सांभाळत मान वर करून ऐकायचं. माझं डोकंच सटकलं. नवरा म्हणतो, "आवाज सगळीकडे पोचावा म्हणून असेल." असेल ना, पण मग बायकांना बसवायचं होतं की वर. आई शांतपणे म्हणाल्या, "आपल्याकडे कीर्तनाला पण बायका वेगळ्याच बसायच्या. पण निदान एका सतरंजीवर."

हे चर्च बांधणारे लोक म्हणजे वेंड. आत्ताच्या जर्मनीच्या पूर्वेकडच्या लुसाशिया भागातले, पण जर्मन नाहीत, पोलिश-चेक लोकांसारखे स्लाव्ह, भाषा वेगळी. १८१७ मध्ये प्रशियाच्या राजानं लुथरन आणि रिफॉर्म्ड अशी प्रोटेस्टंटांची दोन्ही चर्चेस सरकारी हुकमानं एकत्र करायला घेतली, ते कट्टर लुथरन लोकांना पटलं नाही. त्यात गरिबी, आणि जर्मनांच्या राज्यात आपली भाषा जाणार ही धास्ती. शेवटी १८५४ मध्ये यान किलियान नावाच्या पाद्र्याला पुढे करून साडेपाचशेच्या आसपास माणसं लिव्हरपूलहून 'बेन नेव्हिस' जहाजात बसली. बसतात न बसतात तोच कॉलरा. आयर्लंडच्या किनाऱ्यावर जहाज क्वारंटाईनला थांबवलं, आणि डिसेंबरात गॅल्व्हेस्टनला पोचेपर्यंत सत्तरहून जास्त माणसं गेली होती. पुढे ह्यूस्टन, मग बैलगाड्या. एकरी एक डॉलर भावानं चार हजारांहून जास्त एकर जमीन घेतली आणि त्यातले ९५ एकर आधी चर्च-शाळेसाठी बाजूला काढले. स्वतःच्या डोक्यावर धड छप्पर नसताना! हे मात्र मला फार भारी वाटलं.

आणि एवढं सगळं करून १८५८ मध्ये भांडले. प्रार्थनासभांवरून फूट, दुसरं चर्च. मग १८७० मध्ये परत फूट, यावेळी जर्मन भाषेवरून. मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, मी मराठी मंडळाच्या कमिटीवर होते.

भाषेचं तर अजबच आहे. जर्मनीत जर्मनपासून वाचवलेली भाषा इथं येऊन जर्मनमध्येच बुडाली, कारण शेजारीपाजारी सगळे जर्मन, बाजारात तेच, सोयरीकही तिकडेच. गिडिंग्जला एक पेपर निघायचा तो जर्मन, वेंडिश, इंग्लिश तिन्ही भाषांत. किलियाननंतर त्याचा मुलगा पाद्री झाला, आणि १९२० च्या सुमारास तो गेल्यावर वेंडिशमधली उपासना जवळपास संपलीच. मग जर्मनही गेली. हे सगळं मी लेकीला कारमध्ये मराठीत सांगत होते आणि ती "ओके" म्हणत होती.

म्युझियममध्ये काळा लग्नाचा ड्रेस आहे. आई दचकल्याच, लग्नात काळं? संसारात दुःखं येणारच, नवरीनं आधीच तयारीत असावं, असं त्यामागचं कारण सांगतात. आई जरा विचार करून म्हणाल्या, "खरंय त्यांचं." आणि नवऱ्याकडे बघितलं नाही.

वेंडिश नूडल्सची पाकिटं तिथं विकत मिळतात, घ्या. आम्ही चार घेतली, दोन आईंनी परस्पर बॅगेत भरली, नणंदेसाठी. म्युझियम दुपारी उघडतं त्यामुळे सकाळी लवकर पोचून उपयोग नाही, उन्हात बसाल. सप्टेंबरमध्ये वेंडिश फेस्ट असतो, सगळे जा म्हणतात, मी काही जायची नाही, फ्रेडरिक्सबर्गची गर्दी मला वर्षभर पुरेल.