इंग्रजी बोलण्याचा सराव: सध्या मुक्काम ४-३-२ वर

नोकरी आणि घर सांभाळून हातात उरतो तो वेळ कसाबसा अर्ध्या तासाचा. त्यात यंदा नवीन काही शिकायचंच नाही, असं ठरवलं. शब्द पाठ करायचं ॲप काढून टाकलं. वाचलेलं समजतं, ऐकलेलंही बऱ्यापैकी समजतं, अडतं ते फक्त बोलताना. मग आणखी शब्द गोळा करून काय साधणार?

म्हणून ४-३-२. पद्धत जुनीच आहे. कीथ मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि न्यूझीलंडचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्यामुळे ती शिक्षकांमध्ये रुळली. ओळखीचा विषय घ्यायचा, त्यावर चार मिनिटं बोलायचं, मग तेच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. कागद समोर ठेवायचा नाही. मूळ पद्धतीत दर फेरीला ऐकणारा बदलतो, म्हणजे तेच तेच सांगायचा कंटाळा येत नाही. पण रात्री जेवणं आटोपल्यावर तीन श्रोते कुठून आणायचे? मी फोनच्या रेकॉर्डरवर भागवते.

या आठवड्यातला विषय होता, ऑफिसचा अहवाल उशिरा का गेला. पहिल्या फेरीचं रेकॉर्डिंग ऐकवत नाही. 'द रिपोर्ट' म्हणून जी थांबले, ती थांबलेच. पुन्हा ऐकल्यावर थांबण्याची जागा लक्षात आली: कर्ता झाला की लगेच, क्रियापदाच्या आधी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, तोवर बाकीचं मांडत बसायला सवड असते. इंग्रजीला ते कर्त्याच्या पाठोपाठ हवं. दुसऱ्या फेरीत 'वी सेंट द रिपोर्ट लेट, बिकॉज' एका दमात आलं. तिसऱ्या फेरीत वेग आला, पण घाईत 'शी सेज'चं 'शी से' झालं. चालतंय. दोन फेऱ्यांच्या मध्ये एकच चूक निवडून दुरुस्त करते, सगळ्या धरायला गेलं की जीभ पुन्हा जड होते.

दुसरी आघाडी 'कॅन'ची, आणि इथे खरी गंमत आहे. आपण मराठीत जवळपास प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर जोर आणि बाकीचे गिळलेले. 'आय कॅन कम' मधला 'कॅन' तिथे 'कन' एवढाच उरतो आणि जोर पडतो 'कम'वर. नकार असेल तर मात्र 'कान्ट' किंवा 'कॅन्ट' ठासून येतं, शेवटचा 'ट' कित्येकदा ऐकूही येत नाही. म्हणजे आपण होकार देताना 'कॅन'वर जोर दिला, तर समोरच्याला तो नकार वाटू शकतो! हल्ली जोराच्या शब्दावर टेबलावर बोट आपटत वाक्यं म्हणते. घरचे बघतात, बघू देत.

ऐकून मागोमाग बोलायला व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी नभोवाणीचे संथ इंग्रजीतले कार्यक्रम घेतले होते. १९५९ पासूनची ही कल्पना: सुमारे १,५०० शब्दांचा साठा, छोटी वाक्यं, सावकाश वाचन. सुरुवातीला उत्तम. पण सावकाश वाचनात गिळलेले शब्द पुरेसे गिळले जात नाहीत, म्हणून आता नेहमीच्या वेगाच्या मुलाखती धरल्यात, एका वेळी पाच-सहा वाक्यांपुरत्या.

अजून न जमलेली गोष्ट म्हणजे मध्येच कुणी प्रश्न टाकला की उत्तर देणं. ४-३-२ मध्ये आपलं बोलणं कुणी तोडत नाही, मीटिंगमध्ये तर दर वाक्याला तोडतात. पुढच्या आठवड्यापासून मैत्रिणीला दोन मिनिटांच्या फेरीत फोनवर बसवणार आहे. तिचं काम एकच, वाटेल तिथे 'व्हाय?' विचारायचं.