कुरसुरा, कडक भाकरी आणि आम्ही अठ्ठावन्न जण

सोलापूरचा माणूस नेव्हीत गेला म्हटलं की लोक आधी हसतात. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि हा गडी निघाला समुद्रात! त्यातही हे पाणबुडीत गेले. तिथे तर आमच्या पेठेपेक्षा वाईट अवस्था: चहूकडे पाणी आणि आंघोळीला एक तांब्या नाही. लग्नानंतर हे पहिल्यांदा सेलिंगहून घरी आले तेव्हा मी कपडे वेगळ्या बादलीत भिजवले. तीनदा धुतले तरी डिझेलचा वास गेला नाही. मी आपली समजत होते, इंजिनावर काम करतात म्हणून असेल.

पाणबुडीवरचे लोक तिला जहाज म्हणत नाहीत, 'बोट' म्हणतात. ह्यांची बोट म्हणजे 'आयएनएस कुरसुरा'. 1969 च्या डिसेंबरात रशियनांनी रिगा बंदरात आपल्याला दिलेली, फॉक्सट्रॉट जातीची. 2001 साली ती निवृत्त झाली आणि 2002 पासून विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर वाळूत उभी आहे, म्युझियम म्हणून. नव्वदच्या दशकात तिच्यावर एकत्र असलेल्या तेवीस जणांनी बायकामुलांसकट तिथे भेटायचं ठरवलं. सगळे मिळून अठ्ठावन्न. कुणाला आपल्या जुन्या शिपमेट्सना असं गोळा करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून हे सगळं लिहिते आहे. हिशोब माझ्याकडे होता, त्यामुळे कुठे काय चुकलं ते मला चांगलं माहीत आहे.

पहिली गोष्ट तारखेची. विशाखापट्टणमला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते, पण त्यातले दोन आठवडे टाळा. 4 डिसेंबरच्या नेव्ही डेच्या आसपास हॉटेलं महाग होतात आणि बीच रोडवर पाय ठेवायला जागा नसते. दुसरा संक्रांतीचा. आंध्रात संक्रांत म्हणजे आपली दिवाळी, सगळं राज्य गावाकडे निघतं आणि गाड्यांची तिकिटं दोन-दोन महिने आधी संपतात. ऑक्टोबरकडे तर बघूच नका, ते वादळांचे दिवस. 2014 च्या ऑक्टोबरात हुदहुदने या शहराचं काय केलं ते तिथला रिक्षावालासुद्धा अजून सांगतो. आम्ही फेब्रुवारीचा पहिला शनिवार-रविवार धरला.

मुंबई-पुण्याकडच्यांना कोणार्क एक्स्प्रेस सोयीची. आम्ही सोलापुरात रात्री बसलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलो. मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसची थेट गाडीही आहे. ज्येष्ठांसाठी खालचा बर्थ मिळेलच असं समजू नका. आमच्यातल्या एका काकांना वरचा मिळाला. पाणबुडीत आयुष्य काढलेला माणूस, पण चढताना गुडघ्याने दगा दिला आणि शेवटी टीसीच्या मध्यस्थीने अदलाबदल झाली.

हॉटेलच्या बाबतीत आम्ही फसलो. फोनवर 'लिफ्ट आहे' म्हणाले. होती. पण जिन्याच्या अर्ध्या मजल्यावर थांबणारी, म्हणजे आठ पायऱ्या चढूनच गाठायची. तेवीसपैकी अकरा जणांचे गुडघे कामातून गेलेले, दोघांची बायपास झालेली. तेव्हा खोल्या ठरवण्याआधी कुणाला तरी स्वतः पाठवा, आणि त्याने खोल्यांआधी जिना बघावा. बीच रोडवर उतरलात तर महाग पडतं, पण म्हातारी माणसं स्वतःची स्वतः फिरायला जातात, रिक्षांचा खर्च वाचतो. आमचा खर्च माणशी साडेसहा हजार आला: दोन रात्री, जेवण आणि एक दिवस बस. पैसे आधी घ्या. 'तिथे आल्यावर देतो' हे वाक्य नेव्हीतली माणसंसुद्धा म्हणतात.

शुक्रवारी रात्री लॉबीत सगळे जमले. तिथे कुणालाच नाव नव्हतं. 'कुक', 'डॉक', 'चीफ', आमचे हे 'सोलापूर'. केरळचा कुक, रोहतकचा टॉर्पेडोवाला, श्रीकाकुळमचा रेडिओवाला, सगळे तिशीतली हिंदी बोलायला लागले. प्रत्येकाची हिंदी वेगळी आणि प्रत्येकाची तितकीच मोडकी. बायका पहिला अर्धा तास कोपऱ्यात होतो. मग नौसेना बागेतल्या क्वार्टरचा विषय निघाला, कुणाचं पोर कुणाच्या घरी झोपायचं ते निघालं, आणि पुरुषांना जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

शनिवारी दुपारी म्युझियम. सोमवारी ते बंद असतं. एरवी साधारण दुपारी दोननंतर उघडतं आणि रविवारी सकाळपासून. तरी निघण्याआधी वेळ विचारून घ्या. मोठा गट असेल तर पंधरा-पंधराचे भाग करा, आत माणसामागे माणूस उभा राहतो. बोट 91 मीटर लांब, पण आत चालायची वाट एका माणसाची. बाहेर लोखंडी जिना आहे, पुढच्या टोकाने आत शिरायचं आणि मागच्या टोकाने बाहेर. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना वाकायचं आणि पाय उचलायचा, दोन्ही एकाच वेळी. साडी नेसलेल्यांनी त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालावा. मी ऐकलं नाही.

आत म्युझियमचे गाइड असतात, बरेचसे निवृत्त नौसैनिकच. आमच्या गाइडने सुरुवात केली, 'ही पाणबुडी पाण्यावरून आणि पाण्याखालून मिळून 73,500 सागरी मैल फिरली...' आणि मागून कुणीतरी म्हणालं, 'त्यातले थोडे आमच्यामुळे.' त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं, हातातली काठी खाली ठेवली आणि चीफना म्हणाला, 'सर, आप ही बताइए.' पुढचा पाऊण तास चीफ बोलत होते. आमच्या मागे कुठल्याशा कॉलेजची मुलं आली होती, तीही आपला गाइड सोडून आमच्यात मिसळली.

पुढच्या कप्प्यात सहा टॉर्पेडो नळ्या, मागे चार. मध्ये बॅटऱ्या, कंट्रोल रूम, गॅली, मग तीन डिझेल इंजिनं, मग मोटरी. डिझेलला हवा लागते, म्हणून पाण्याखाली खोल गेल्यावर बॅटरीवर चालायचं आणि बॅटरी भरायला पुन्हा वर यायचं. हे मला लग्नानंतर सतरा वेळा सांगून झालं होतं, कळलं त्या दिवशी. पंचाहत्तर माणसं आणि संडास दोन. गॅली आमच्या मोरीएवढी. तिथे स्वयंपाक करणारा एक पुतळा उभा केलाय, पांढरा स्वच्छ एप्रन घालून. कुक त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'इतना गोरा तो मैं शादी में भी नहीं था.'

इंजिनाच्या कप्प्यात हे माझ्या पुढे होते. मागे वळून मला काहीतरी दाखवत चालले होते आणि बोलता बोलता, पुढे न बघता, डावीकडे मान कलली. एक पाइप होता. दोन पावलांवर पुन्हा कलली, उजवीकडे. तिथे व्हॉल्व्हचं चाक होतं. पंचवीस वर्षांहून जास्त झाली बोट सोडून, घरात बाथरूमच्या दाराला अजून डोकं आपटतं ह्यांचं. मी मात्र त्या दोन्हींना आपटले. दुसऱ्यांदा जरा जोरात. मागून डॉकने खिशातून बाम काढून दिला. बाम बरोबर ठेवा.

शेवटच्या कप्प्यात, टॉर्पेडोंच्या बाजूला, बंक. हे म्हणाले, 'ही माझी.' मी म्हटलं एवढीशी? तर म्हणे, 'माझी म्हणजे अर्धी.' हे वॉचवरून, म्हणजे कामाच्या पाळीवरून, आले की दुसरा उठायचा आणि ह्यांनी त्याच गरम गादीवर पडायचं. पिण्याचं पाणी मोजून, कपडे बदलायचा प्रश्नच नाही. मी हात लावून बघितला. हे उभे राहून वास घेत होते. 'वास गेला सगळा,' म्हणाले, जरा हिरमुसून. मला ती वेगळी बादली आठवली. मी तेव्हा साबण बदलला होता, दोनदा.

आणि कडक भाकरीचंही तिथेच कळलं. प्रत्येक सुट्टीनंतर ह्यांच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, एक डबा कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायची. हे आनंदाने न्यायचे, आणि मला वाटायचं जावई मन राखतोय. पाणबुडीत चार-पाच दिवसांत ब्रेडला बुरशी धरते. आमची भाकरी मुळातच वाळवलेली, तिला काय होणार? रोहतकवाला मला म्हणाला, 'भाभीजी, आपकी वो पापड़ जैसी रोटी पर हमारे यहाँ सट्टा लगता था.' एका भाकरीला एक सिगरेट असा भाव होता म्हणे. हे मला कधी सांगितलं नव्हतं.

बाहेर आलात की रस्त्यापलीकडे टीयू-142 विमानाचं म्युझियम आहे. पाणबुड्या शोधून काढणारं अवाढव्य विमान आणि समोर पाणबुडी! ज्याने कुणी ही जागा ठरवली त्याला विनोदबुद्धी असावी. मुलांना विमान जास्त आवडलं. तिथे गुडघ्यांना त्रास कमी.

रविवारी सकाळी त्याच बीचवर, 1971 च्या युद्धाचं 'व्हिक्टरी ॲट सी' स्मारक आहे तिथे गेलो. 3-4 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानची पाणबुडी 'गाझी' याच किनाऱ्यासमोर बुडाली. हे लोक गाझीबद्दल फारसं बोलत नाहीत. पाणबुडी शत्रूची असली तरी आत माणसं कशी बसलेली असतात ते त्यांना माहीत आहे. आम्ही आमच्यातल्या गेलेल्या नऊ जणांची नावं वाचली. त्यांतल्या दोघांच्या पत्नी आल्या होत्या. हे मुद्दाम सांगते: बोलावणं करताना नवरा नाही म्हणून घर वगळू नका. त्यांना सगळ्यात आधी फोन करा, आणि ग्रुपवरच्या मेसेजवर विसंबू नका. गेलेल्यांतल्या 'स्पार्की'च्या पत्नी म्हणाल्या, पाच वर्षांत ह्यांना कुणी 'स्पार्की' म्हणालेलं ऐकलं नव्हतं.

नौदलाच्या तळावर जायचा बेत आम्ही रद्द केला. त्यासाठी महिनोन्‌महिने आधी याद्या, ओळखपत्रं, परवानगी लागते, आणि एका जावयाचा पासपोर्ट परदेशी. त्याला एकट्याला गेटवर उभं करायचं कुणाला बरं वाटेना. मात्र पेन्शनरांनी ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड जवळ ठेवावं, रक्तगट आणि औषधांची यादी एका कागदावर, प्रत्येकाची. आम्हाला तो कागद एकदा लागला, साखर उतरल्यामुळे. लिंबू-साखरेवर निभावलं.

सोमवारी काही जण डोंगरातल्या अराकूला गेले. सकाळी लवकर किरंदुलची गाडी असते, तिला काचेच्या छताचा डबा जोडतात. त्याचं आरक्षण वेगळं आणि लवकर करा. वाटेत अठ्ठावन्न बोगदे आहेत. आम्हीही अठ्ठावन्न, त्यावरून दिवसभर विनोद झाले. बोर्रा गुहांत पायऱ्या खूप आहेत, बायपासवाल्यांनी वर चहा पीत बसावं. आम्ही मागे राहून सिंहाचलमच्या देवळात जाऊन आलो. तिथली मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते, अक्षय्य तृतीयेलाच खरं रूप दिसतं.

खाण्याचं थोडक्यात: बीचवरची मुरी मिक्स्चर, म्हणजे आपली भेळच, जरा तिखट. गोंगुरा म्हणून जे वाढतात ती आपली अंबाडी. बोब्बट्लू म्हणजे पुरणपोळी, आणि यावर कुणाशी वाद घालू नका, मी घातला. मडुगुला हलवा घरी न्यायला बरा, प्रवासात टिकतो.

हिशोब करून 4,200 रुपये उरले. ते पुढच्या वेळच्या खात्यात टाकलेत, कोचीला जमायचं ठरलंय, दोन वर्षांनी. कुक म्हणतो जेवण त्याच्याकडे. खोल्या तळमजल्यावरच घ्यायच्या हे मी लिहून घेतलंय. आणि स्टेशनवर निरोप घेताना माझ्याकडे ऑर्डर आली आहे: चाळीस कडक भाकरी, दोन किलो शेंगाचटणी, चटणीत लसूण जरा जास्त.