झिजणारे देव

चंपाषष्ठी, रात्री

आज सकाळी देवघरातले टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकून काढलेल्या देवांच्या छोट्या प्रतिमा, उजळले. तांब्याच्या ताम्हणाला चिंच आणि चांदीच्या टाकांना दात घासायची पांढरी पूड, हे सासूबाईंनी लावून दिलेलं वळण. खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायाखाली मणी आणि मल्ल हे दैत्य आहेत. तिथल्या खाचेत वर्षभराचा भंडारा जाऊन बसतो. तो जुन्या मऊ ब्रशने हळूहळू काढावा लागतो. तुळजाभवानीचा टाक मात्र फार जुना, सासूबाईंच्याही सासूबाईंच्या हातचा. त्यावर देवीला आठ हात आहेत हे आता डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं तर कळतं. चेहरा तर गेलाच आहे. नाक, डोळे, नथ, सगळं एका गुळगुळीत उंचवट्यात मिसळून गेलंय.

धाकट्या जाऊबाई तो हातात घेऊन म्हणाल्या, "वहिनी, हे आता डबीत ठेवूया. रोजच्या पूजेला फोटो ठेवू. नाहीतर पुढच्या पिढीला काही उरायचं नाही."

त्यांचा हेतू चांगलाच होता. मी तेव्हा काही बोलले नाही. भरताची वांगी भाजायची होती, रोडगे व्हायचे होते, आणि तळी भरायला माणसं येऊन बसली होती. पण दिवसभर ते बोलणं डोक्यातून गेलं नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

आमच्या खंडोबाचा आधीचा टाक असाच झिजला होता. म्हाळसा घोड्यावर आहे की नुसता एक फुगवटा आहे, हे सांगावं लागायचं. शेवटी पेठेतल्या सोनारकाकांकडे नवा करायला टाकला. त्यांनी चांदीचा पत्रा ठशावर ठेवला आणि बारीक हातोडीने ठोकत ठोकत आधी घोडा वर काढला, मग खंडोबाचं खड्ग, मग शेजारचा कुत्रा. जुना टाक काट्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "वहिनी, ही चांदी नव्यात घालू, की नदीत सोडणार?" दोन्ही रीती चालतात म्हणाले. आम्ही नव्यातच घातली. मग तो टाक जेजुरीला नेला, कऱ्हेच्या पाण्याने धुतला, गडावर देवाला भेटवून आणला, आणि तेव्हापासून तोच आमचा खंडोबा. घरात कुणालाही हा "दुसरा" देव वाटला नाही.

मूर्तिपूजेला नावं ठेवणारे म्हणतात की तुम्ही दगडाधातूला देव समजता. मला वाटतं, सोनाराच्या काट्यावर देव मोडीत घालणाऱ्या माणसांना धातू म्हणजे काय ते पुरतं ठाऊक असतं. जगन्नाथपुरीला तर हे केवढ्या थाटाने होतं. देव लाकडाचे. अधिक आषाढ येतो तेव्हा कडुनिंबाची झाडं शोधून नव्या मूर्ती घडवतात, आतला ब्रह्मपदार्थ जुन्यातून नव्यात जातो आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातच पुरतात. १९९६ नंतर हा नवकलेवराचा सोहळा २०१५ साली झाला. देवाचं शरीर जुनं होतं, हे तिथे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

पण ते शरीर कशाने जुनं होतं, हे महत्त्वाचं. आमची भवानी हातांनी झिजली. रोज पहाटे उठवणं, न्हाऊ घालणं, पुसणं, गंध लावणं. एवढ्या जवळून सेवा करायची तर समोर शरीर हवं, आणि शरीर आलं की झीज आलीच. निर्गुणाला आंघोळ घालता येत नाही. प्रार्थना समाज मुंबईत १८६७ साली निघाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं मूर्तीशिवाय उपासना करत होती, आणि तरी वारकरी संतांचे अभंग त्यांनी उराशी धरले. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण मला देव मनात आणायला हाताला काहीतरी काम लागतं. माझ्यासारखी माणसं पुष्कळ आहेत, आणि ती कमी समजुतीची आहेत असं मी कधीच मानणार नाही.

पंढरपूरच्या विठ्ठलाचे पाय असेच झिजलेत. आपला देव पायांवर डोकं टेकू देतो, कुणाचीही जात, गाव न विचारता, हा वारकऱ्यांचा केवढा अभिमान! त्या स्पर्शाने दगड झिजतो म्हणून वज्रलेप करावे लागतात. २०२० साली टाळेबंदीत मंदिर बंद होतं, तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी विठ्ठल-रखुमाईच्या मूर्तींना पुन्हा लेप दिला. मग २०२४ मध्ये १५ मार्चपासून मंदिराच्या दुरुस्तीसाठी पदस्पर्श बंद होता, तो जूनच्या सुरुवातीला खुला झाला. मधल्या काळात लांबून मुखदर्शन मिळायचं. तेव्हा जाऊन आलेल्या आमच्या ओळखीच्या एका आजी म्हणाल्या, "दिसला गं, पण भेटला नाही."

"कुणाचीही जात न विचारता" असं मी वर लिहिलं खरं, पण ते आजचं आहे. चोखोबांना देवळाबाहेर राहावं लागलं. त्यांची समाधी आजही महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर आहे. किती शतकं लोकांच्या हातांनी ते पाय झिजत होते, आणि त्या हातांत चोखोबांच्या लोकांचे हात नव्हते. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. दहा दिवस ते उपाशी होते, तेव्हा कुठे देऊळ सगळ्यांना खुलं करायचं ठरलं. दगडाला देव मानणं ही चूक आहे असं मला वाटत नाही. त्या दगडाला कुणाचा हात लागला तर तो बाटेल असं मानणं, ही मात्र सरळ देवाची निंदा आहे. आमच्याकडेही "चार दिवस" टाकांना हात लावायचा नाही, अशी रीत होती. सासूबाईंनीच ती मोडली. म्हणाल्या, देवी बाईच आहे ना, तिला कळतं.

झिजण्याच्या उलटही घडतं. वणीच्या सप्तशृंगीला शेंदूर लावत लावत इतका जाड थर चढला होता की मूळ मूर्ती कशी आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. २०२२ साली देऊळ बंद ठेवून तो काढला. हजार किलोंहून जास्त शेंदूर निघाला, आणि नवरात्रात लोकांनी देवीचं मूळ रूप पाहिलं. आमच्या आत्याबाई पिढीजात वणीच्या. त्या दर्शनाला गेल्या आणि रडल्या. मूळ रूप सुंदर होतं म्हणून तर खरंच, पण आपण लहानपणापासून पाहिलेली आई आता दिसणार नाही म्हणूनही. एका ठिकाणी भक्तीने दगड कमी केला, दुसरीकडे वाढवला. दोन्हीकडे आज जे रूप दिसतं, त्यात शिल्पकाराइतकाच हात भक्तांचा आहे. रोमला सेंट पीटरच्या ब्राँझच्या पुतळ्याचा उजवा पाय यात्रेकरूंच्या स्पर्शाने असाच गुळगुळीत झालाय. बोटं कळतसुद्धा नाहीत. तिथल्या आणि इथल्या माणसाच्या श्रद्धा वेगळ्या, हाताची ओढ एकच.

पंढरपूरचा पदस्पर्श कायमचा बंद करावा, असं म्हणणारी शहाणी माणसं आहेत. त्यांना मूर्ती टिकायला हवी आहे, आणि ती मलाही हवी आहे. लेप द्या, तज्ज्ञ सांगतील तितका वेळ पायांना विश्रांती द्या, पूजेत दगडाला सोसेल तेच वापरा. एवढं सगळं करावंच. पण लांब ठेवून, काचेआड जपलेली मूर्ती हजार वर्षं टिकली तरी ती वस्तुसंग्रहालयातली होईल. पावसापाण्यात चालत येऊन रांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसाचं कपाळ क्षणभर त्या पायांना लागतं. त्याचा तेवढा हक्क काढून घेऊ नये.

जाऊबाईंना उद्या फोन करणार आहे. भवानी डबीत जाणार नाही. चैत्रात सोनारकाकांकडे ठसा बघायला दोघी मिळून जाऊ, आणि त्यांच्या मुलाचं वेगळं घर झालंय तर त्याच्यासाठीही टाक करायला टाकू. जुन्या भवानीची चांदी दोन्हींत थोडी थोडी घालायला सांगेन.