पावसाळाभर उभ्या गाडीचा जाम हँडब्रेक सोडवताना

जूनच्या मध्यावर उभी केलेली हॅचबॅक ऑगस्टच्या शेवटी हलवायला घेतली तेव्हा मागची दोन्ही चाकं जाम होती. गाडी रत्नागिरीकडे खाडीलगत, वर पत्रा पण बाजूंनी उघड्या शेडमध्ये होती. इंजिनची ओढ पुढच्या चाकांना, मागे ड्रम ब्रेक, वजन साधारण 850 किलो, असा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा नेहमीचा मामला. हँडब्रेक खाली केला, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला, पहिला गियर टाकून क्लच सोडला, तर गाडी पुढे जाण्याऐवजी मागून खाली दबली आणि तिथेच थांबली. मागचा भाग असा दबला की चाक अडलंय ते मागचं, हे नक्की समजावं.

इथे ॲक्सिलरेटर दाबण्याचा मोह टाळायचा. हँडब्रेक जाम झाला असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळे बिघाड असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा. एक म्हणजे केबल मोकळी आहे, पण ब्रेक शूचे (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल पट्ट्यांचे) लायनर, म्हणजे त्यांवरचा घासणारा थर, गंजामुळे ड्रमला चिकटलेत. दुसरा म्हणजे शू ठीक आहेत, पण केबल आपल्या नळीतच गंजून ओढलेल्या स्थितीत अडकली आहे. पहिल्या बिघाडात गाडी हलवून चाक सुटू शकतं. दुसऱ्यात गाडी जोर लावून हलवली तरी ब्रेक लागलेलाच राहतो, आणि तशीच चालवली तर चार-पाच किलोमीटरमध्ये ड्रम इतका तापतो की लायनर करपतात.

फरक लिव्हरवरच्या हातालाच कळतो. हँडब्रेक पूर्ण खाली करून पुन्हा हळूहळू वर ओढायचा आणि कटकट मोजायची, एक आवाज म्हणजे एक कट्टी. पहिल्या-दुसऱ्या कट्टीपासून नेहमीसारखं वजन लागलं तर केबल मागे-पुढे होतेय, म्हणजे शू चिकटलेत. सुरुवातीच्या तीन-चार कट्ट्या अगदी रिकाम्या गेल्या आणि मग एकदम कडक लागलं, तर केबल चाकाच्या बाजूला अडकली आहे आणि लिव्हरच्या बाजूला ती ढिली पडली आहे. खात्री करायची असेल तर दोन सीटमधलं प्लॅस्टिकचं कव्हर काढावं. आत दोन्ही केबलींना सारखी ओढ देणारी एक छोटी पट्टी असते. लिव्हर खाली असताना ती तिरकी दिसली, एका बाजूची तार लोंबतेय असं दिसलं, तर त्या बाजूची केबल अडकलेली. इथे पट्टी सरळ होती, वजन दुसऱ्या कट्टीला लागत होतं. म्हणजे लायनर चिकटलेले.

हे का होतं, ते एकदा समजून घेतलं की पुढची प्रत्येक पायरी सोपी जाते. ड्रम बिडाचा असतो आणि त्याच्या आतल्या पृष्ठभागावर रंग नसतो, तेल नसतं. पावसातून आलेली गाडी थेट उभी करून हँडब्रेक ओढला की ओला लायनर ओल्या बिडावर दाबून बसतो. त्या फटीतलं पाणी वाळायला हवा पोचत नाही. गंज तयार होताना फुगतो आणि लायनरच्या बारीक छिद्रांत शिरून बसतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. पुण्यात, नाशिकलाही होतं, पण तिथे त्याला जास्त दिवस लागतात.

पहिला प्रयत्न गाडीच्या स्वतःच्या ताकदीने. इंजिन गरम होऊ दिलं आणि ब्रेकचं पेडल पूर्ण जोराने वीस-पंचवीस वेळा दाबून सोडलं. पेडल दाबलं की चाकातला व्हील सिलिंडर ब्रेक ऑईलच्या दाबाने शूला आतून ढकलतो, त्या हिसक्यांनी चिकट थोडी खिळखिळी होते. मग पहिला गियर नाही, तर आधी रिव्हर्स. गाडी उभी करताना ती पुढे येत थांबलेली असते, त्या दिशेला शू ड्रममध्ये घुसून बसलेला असतो, उलट दिशेला तो लवकर सुटतो. क्लच अर्धा सोडायचा, गाडी दबली की लगेच परत दाबायचा, दोन सेकंदांच्या वर धरून ठेवायचा नाही. रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स अशी चार-पाच आवर्तनं झाली की दहा मिनिटं थांबायचं. क्लचचा वास आला तर तिथेच थांबायचं, कारण क्लच प्लेट बदलण्याचा खर्च ब्रेक शूच्या कितीतरी पट आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक करतात, ती म्हणजे मागच्या सीटवर दोन मोठी माणसं बसवणं. चिकट तुटायला ड्रमवर पीळ पडावा लागतो, आणि तो पीळ फक्त टायरच्या जमिनीवरच्या पकडीतून येतो. रिकाम्या हॅचबॅकच्या मागच्या चाकांवर वजन मुळात कमी, त्यातून खाली ओली माती असेल तर टायर न फिरता नुसता घसटत जातो आणि ड्रमला काहीच जोर लागत नाही. मागे सव्वाशे-दीडशे किलो वजन आणि टायरखाली वाळलेली काँक्रीट किंवा जुनी गोणपाटं, एवढ्यावर पकड बरीच वाढते. तसं केल्यावर तिसऱ्या रिव्हर्सला बंदुकीसारखा आवाज होऊन उजवं चाक सुटलं. या आवाजाने घाबरायचं कारण नाही, तो गंज तुटल्याचा आवाज आहे. डावं मात्र घसटतच राहिलं, मातीत टायरची रेघ उमटली. त्यानंतर जोर करणं थांबवलं. लायनर शूच्या लोखंडी पट्टीवर गोंदाने बसवलेला असतो. गंजाची पकड गोंदापेक्षा जास्त झाली की लायनरच पट्टीपासून सुटतो आणि ड्रममध्ये तुकडा अडकून चाक कायमचं बसतं.

इंटरनेटवर ड्रमवर गरम पाणी ओतायचा सल्ला सापडतो. तो बर्फ पडणाऱ्या देशांसाठी आहे, जिथे शू आणि ड्रममध्ये पाणी गोठलेलं असतं. आपल्याकडे अडलाय तो गंज. त्यावर पाणी ओतून काही साधत नाही. आणि गंज सोडवणारा स्प्रे ड्रमच्या फटीतून मारायचा तर नाहीच नाही. तेल लायनरमध्ये मुरलं की तो शू फेकूनच द्यावा लागतो, धुऊन ते निघत नाही.

आता डावं चाक उघडायचं. हँडब्रेक खाली, म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काही नाही, हे विसरून चालत नाही. जमीन सपाट हवी, गाडी पहिल्या गियरमध्ये, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी किंवा मोठे दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा ढिले केले, मग जॅक लावला. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरताच असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात-डोकं घालू नये. स्टँड नसेल तर काढलेलं चाक दाराखालच्या कडेखाली आडवं सारून ठेवावं.

चाक निघाल्यावर दिसतो तो ड्रम. एक किलोचा हातोडा आणि हाताएवढा सागाचा तुकडा घेतला. ड्रमच्या सपाट तोंडावर, दोन स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या दांड्यांच्या) मध्ये, लाकूड ठेवून मध्यम ठोके द्यायचे आणि गोल फिरत जायचं. एका जागी जोराचा घाव घालायचा नाही, बीड ठिसूळ असतं आणि कडेवर थेट बसलेल्या घावाने टवका उडतो. स्टडच्या आट्यांवरही हातोडा पडता कामा नये. पंधरा-वीस ठोक्यांनी ड्रमचा आवाज बदलला, आधी बद येत होता तो जरा घणघणीत झाला, आणि हाताने हब (ज्यावर ड्रम आणि चाक बसतं तो मधला भाग) हलवल्यावर ड्रम केसभर फिरला. ठोक्यांचा हादरा गंजाला तोडतो, ताकद नव्हे. म्हणून सबुरीने ठोकणारा लवकर मोकळा होतो.

तरी ड्रम बाहेर येत नव्हता, कारण हबच्या कड्यावरही गंज होता. ड्रमच्या तोंडावर आट्या असलेली दोन भोकं असतात, बहुतेक छोट्या गाड्यांत 8 मिमीची. त्यात दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा पिळले. एकच बोल्ट पिळत राहिलं तर ड्रम तिरका होऊन जास्त आवळतो. मध्येच पुन्हा चार ठोके. सहा-सात फेऱ्यांत ड्रम सुटला. तुमच्या गाडीत ड्रमच्या मधे टोपी आणि तिच्याखाली मोठा नट असेल तर ड्रम आणि बेअरिंगचा हब एकत्र आहे. त्याला नट काढावा लागतो, बसवताना नवा नट आणि ठरलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा नेमका जोर, लागतो. टॉर्क पाना नसेल तर ते काम गॅरेजमध्येच द्यावं.

ड्रमच्या आतली काळी पूड हवेने फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. नाकाला मास्क, आणि ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसलं. ड्रमवर लायनरच्या आकाराचा गंजाचा ठसा उमटला होता. 80 नंबरच्या काचपेपरने तो घासला, मग 120 ने, गोल दिशेत नव्हे, तिरक्या रेघा पडतील असं. लायनरवरूनही काचपेपर फिरवून चमक काढली. लायनर शूच्या पट्टीच्या वर निदान 1 मिमी तरी हवा. इथे अडीच होता, कडेचा टवका नव्हता, म्हणून तोच ठेवला. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्यापुढे झिजलेला ड्रम परत लावू नये.

व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचलून बघावी. आत ब्रेक ऑईलचा ओलावा दिसला तर सिलिंडर बदलायचा, दोन्ही बाजूंचा. इथे कोरडं होतं. ज्या जागी शूची कड बॅकप्लेटवर (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावर) घासते तिथे दोन्ही शूंचे मिळून सहा छोटे उंचवटे असतात. त्यांवरचा गंज घासून ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं, प्रत्येक उंचवट्यावर लावलं. जास्त लावलं तर तापून लायनरवर येतं. नेहमीचं चासी ग्रीस इथे चालत नाही.

आणि मग सापडली ती खरी कटकट. बॅकप्लेटमध्ये केबल शिरते तिथलं रबरी आवरण फाटलं होतं आणि आत तांबूस पाणी होतं. केबल अजून सरकत होती, पण परत येताना अडखळत होती. अशा केबलमध्ये तेल सोडून वेळ मारून नेता येते, आठ-पंधरा दिवस छान चालते. मग तीच केबल ओढलेल्या स्थितीत बसते. म्हणून डावी केबल नवी घातली. उजवीचं आवरण धड होतं, ती राहू दिली.

जुळवणीचा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं. केबल ताणण्याचा नट आधी पूर्ण ढिला, मग ड्रम बसवून पेडल पंधरा-वीस वेळा दाबायचं, म्हणजे शूंमधली आपोआप जुळणारी पट्टी शूला ड्रमजवळ आणते. केबल शेवटी. शू लांब असताना केबल ताणून कट्ट्या जुळवल्या तर ब्रेक चांगला वाटतो, पण शूवरचा छोटा लिव्हर, ज्याला केबल ओढते, अर्धवट ओढलेला राहतो आणि जुळणी कायमची बंद पडते. लिव्हर साधारण 20 किलोच्या जोराने ओढल्यावर किती कट्ट्या व्हाव्यात ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. ही 6 वर बसवली. लिव्हर खाली असताना दोन्ही मागची चाकं हाताने मोकळी फिरायला हवीत, हलकी घासघास चालेल.

उजवं चाक रिव्हर्सने सुटलं होतं तरी तोही ड्रम उघडला. सुटलेल्या लायनरवर गंजाचे खवले राहतात, ते ड्रमला चरे पाडतात.

नंतर तीन किलोमीटर सावकाश चालवून, शेवटचा पट्टा शक्यतो ब्रेक न लावता, थांबून मागच्या दोन्ही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात धरला. दोन्हीकडे सारखीच कोमट ऊब. एक बाजू हात धरवेना इतकी गरम असती तर तिथली केबल किंवा स्प्रिंग पुन्हा बघावी लागली असती. चाकाचे नट त्याच वेळी परत एकदा आवळले.

आता ही गाडी शेडमध्ये लावताना शेवटचे दोनशे मीटर ब्रेक हलका दाबून आणते, म्हणजे ड्रम वाळतात. सपाट जागा, पहिला गियर, दोन चाकांना पाचरी, आणि हँडब्रेक खाली. स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवलेली असते, 'हँडब्रेक लावलेला नाही, पाचरी काढा', कारण किल्ली दुसऱ्या कोणाच्याही हातात जाऊ शकते.